आप्पा आणि म्हसवडचं स्थळ

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे आप्पा कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की चहा संपेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. कप बशीत ठेवला की त्या घराची एक जमेची बाजू आणि एक लंगडी बाजू सांगतात आणि उठतात. कुणी विचारलेलं नसतं.

आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, "म्याडम, तुमच्या घराची जमेची बाजू म्हंजे तुमी दोघं भांडताय ते समोरासमोर. लंगडी बाजू म्हंजे भांडण मिटल्यालं एकालाच म्हाईत आसतंय."

माझा नवरा आतून म्हणाला, "मिटलं? कधी?"

आप्पा तोवर चपला घालत होते.

आप्पा मूळचे विट्याजवळचे. तिकडच्या घराघरातले पुरुष सोनं गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात जातात, तसे आप्पाही गेले आणि त्यांची उभी हयात कोइमतूरला भट्टीसमोर गेली. दागिने मोडायला येणारी कुटुंबं बघून बघून ही नजर आली असं ते सांगतात. "सून बांगडी काढून देती आन् सासू दुसरीकडं बघती, का सगळं भाऊ येत्यात आन् एकबी खाली बसत न्हाई, घर तिथंच कळतंय." बायको तिकडेच वारली. दुकान मुलगा चालवतो. आप्पा परत आले, पण गावी न जाता सांगलीत फ्लॅट घेऊन राहिले. का, असं विचारलं तर म्हणाले, "गावात घरं कमी हायत."

त्यांची नजर दरवेळी बरोबर असते असं नाही. कोपऱ्यावर दोन भावांचं भडंगाचं दुकान आहे. उघडलं त्याच आठवड्यात आप्पांनी निकाल दिला होता की ही भागी दिवाळी बघत नाही. त्यानंतर बऱ्याच दिवाळ्या झाल्या, शेजारचा गाळाही त्या भावांनी घेतला. आप्पा अजून नेमाने तिथे भडंग घ्यायला जातात आणि दोघांच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

सोसायटीच्या सभेत तर त्यांनी कमालच केली. लिफ्ट महिनोन्महिने बंद होती आणि तिच्यावरच सभा बोलावली होती. आप्पा उठून म्हणाले, "आपल्या सोसायटीची जमेची बाजू हीच, की लिफ्ट बंद हाय. माणसं जिन्यात एकमेकाला भेटत्यात." तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या काकूंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. लिफ्ट सुरू झाल्यावर आप्पा दोन दिवस गप्प होते.

असं असूनही आमच्या वरच्या मानेवहिनींचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास. त्यांच्या लेकीसाठी, ऋतुजासाठी आलेल्या एका स्थळाची लंगडी बाजू आप्पांनी दाराबाहेरच्या चपला बघून सांगितली होती आणि ती खरी निघाली होती. त्यामुळे म्हसवडचं स्थळ आलं तेव्हा वहिनींनी गाडीत मला सोबत म्हणून घेतलं आणि आप्पांना पारख करायला.

मुलगा सचिन जनावरांचा डॉक्टर. वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. आई सचिन लहान असतानाच गेली. घरात हे दोघेच.

"बसा, आरामात बसा. मेस आज आमच्याकडंच हाय," म्हणून सुभेदार स्वतः स्वयंपाकघरात गेले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. घरात बाईमाणूस नाही ही गोष्ट त्यांना सांगलीपासूनच खुपत होती. पोरगी पहिल्या दिवसापासून चुलीला जुंपली जाणार, असं त्यांचं म्हणणं.

आप्पा मात्र सुभेदारांच्या मागोमाग आत गेले ते बाहेर येईनात. जेवायला बसलो तेव्हा आप्पा आतूनच भाकऱ्या आणून देत होते, जसं काही ते मुलाकडचेच.

परतीच्या वाटेवर वहिनी वाट बघून कंटाळल्या. "आवं आप्पा, बोला की."

"जमेची बाजू सांगतो," आप्पा म्हणाले. "आपली जेवणं झाल्यावर बापलेक आत बसलं. एक भाकरी करपल्याली. ती बापानं आपल्या ताटात घेतली. पोरानं गपचिप उचलून आपल्यात घेतली. दोघंबी बोललं न्हाईत. रोजची सवय दिसली."

"आणि लंगडी?"

आप्पांनी खिडकीची काच खाली केली. "ती दिसली न्हाई. परत बघाय लागंल."

असं त्यांनी आधी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

पुढच्याच आठवड्यात आप्पा एसटीने गेले, विट्याला गाडी बदलून. आल्यावर म्हणाले, "आजून अंदाज आला न्हाई." मग परत गेले. मग परत. वहिनी होकारही देईनात, नकारही देईनात. आप्पांनी सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तिकडून निरोप येत होते, इकडे ऋतुजाचा चेहरा उतरत चालला होता.

एक दिवस ती माझ्याकडे आली.

"काकी, आप्पा तिथे काय करतात माहितीये? मी सचिनला विचारलं. तो म्हणाला, तो कामावर असतो तेव्हा येतात. त्याच्या बाबांबरोबर भाजी निवडतात. दोघं जेवतात. दुपारी दोघं दोन बाजांवर पडतात. संध्याकाळची एसटी पकडून जातात. घराबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत."

"मग?"

"मग काय. त्याचे बाबा दर गुरुवारी, आप्पांच्या बेस्तरवारी, सकाळपासून आवरून बसलेले असतात म्हणे."

ऋतुजा जायला उठली. मग ती म्हणाली, "मी आईशी बोलते."

मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी ऋतुजा मला घेऊन खाली गेली. आप्पा दारात बसून पायताणाला तेल लावत होते.

"आप्पा, आम्ही म्हसवडला होकार कळवला."

त्यांचा हात थांबला. "आन् लंगडी बाजू?"

"ती माझी मी बघेन."

"बरं केलंस पोरी. घर चांगलं हाय." त्यांनी पायताण उचलून दाराआड सरकवलं, तेलाच्या बाटलीला बूच लावलं आणि हात पुसत बसले.

ऋतुजा त्यांच्याजवळ पायरीवर टेकली. "पण आईबाबांना एवढा प्रवास दरवेळी झेपायचा नाही. लग्नानंतर माझ्या माहेरचं म्हणून कुणीतरी तिथं येत राहायला पाहिजे. तुम्ही याल? रविवारी?"

आप्पांनी समोर पाहिलं. लिफ्ट खाली आली, कुणी उतरलं नाही.

"रविवार नगं," ते म्हणाले. "रविवारी पोरगं घरी आसतंय. बेस्तरवारी येतो. बेस्तरवारी सुभेदार एकटाच आसतोय."