फोनातली बाई

मुलाच्या हळदीला चार दिवस उरले असताना कोपरीच्या पंढरीशेठनी ठरवलं, की फोनातली ती बाई बंद करायची.

बाई म्हणजे व्हिज्युअल व्हॉइसमेल. लग्नघरात बापाच्या हातात तडे गेलेला फोन बरा दिसत नाही म्हणून नवऱ्यामुलाने, नयनने, नवा आणून दिला आणि फोन कंपनीने त्यासोबत ही बाई फुकट दिली. (फुकट आलेलं परत करणं पंढरीशेठच्या स्वभावात असतं तर विषय तिथेच संपला असता.) बाईला घाई फार. पंढरीशेठ चष्मा शोधेपर्यंत, कधी तर पहिल्याच रिंगला, ती फोन उचलून मोकळी. इंग्रजीत काहीतरी गोड बोलायची आणि समोरच्याचा निरोप ठेवून घ्यायची. निरोपांची रांग पडद्यावर दिसायची, शिवाय बोललेलं लिहूनही यायचं. फक्त कोपरीची बोली तिला झेपत नव्हती. मांडववाला तोंडाला येईल ते बोलून गेला, तर पडद्यावर उमटलं, 'आपण कसे आहात?'

इतपत पंढरीशेठनी चालवून घेतलं असतं. पण बाई सखुबाईच्या मिस्ड कॉलवर उठली.

सखुबाई ही थोरली बहीण, टिटवाळ्याला दिलेली. तिने एक रिंग द्यायची, कट करायचं, आणि भावाने उलट फोन करायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता बोलणं फुकट असतं हे तिला घरच्यांनी सांगून पाहिलं. "पैशाचा नाय रं! बहिनीला फोन भावानंच कराचा अस्तो," असा तिने निकाल दिला. आणि अशा मिस्ड कॉलमध्ये ही बाई परस्पर बोलायला लागली. सखुबाईने भावजयीला, रतनला, फोन लावला.

"रतन, पंढरीच्या फोनान कोन बाई बोलतं गो? इंग्लिस!"

रतनने नवऱ्याकडे बघितलं. "मना काय म्हाईत, बाय? लग्नाचा घर हाय. कनाला तरी कामाला ठेवली असंल."

एवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं. कारण सखुबाई नुसती नवऱ्यामुलाची आत्या नव्हती, ती धवलारीण होती. आगरी हळदीत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी बाई बसल्याशिवाय पान हलत नाही. भटजी उशिरा आला तर लोक तोवर सरबत पितात, पण धवलारीण रुसली तर मांडवात बसून काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. तिला राग येण्याआधी बाई गेलीच पाहिजे, असं पंढरीशेठनी मनावर घेतलं.

"पप्पा, इझी आहे, सेटिंगमध्ये जा," असं सांगून नयन शेरवानीच्या ट्रायलला गेला.

पंढरीशेठ सेटिंगमध्ये गेले. जाणं सोपं होतं, परत येणं कठीण. ज्या माणसाने आयुष्यात भल्याभल्या बिल्डरांना दारात ताटकळत ठेवलं, तो एका बटणासाठी अर्धी दुपार खिडकीत वाकून बसला. शेवटी बाईची ती निरोपांची रांग पडद्यावरून नाहीशी करण्यात त्यांना यश आलं. वर खात्रीचा उपाय म्हणून हार्डवेअरवाल्या परशुरामने एक कोड सांगितला, स्टार, मग आकडे, मग हॅश. तो दाबल्यावर पडद्यावर 'सक्सेसफुल' असं आलं. पंढरीशेठनी ते रतनला दोनदा वाचून दाखवलं.

"झाली बंद?"

"बंद म्हंजे? नाव काढनार नाय!"

त्यानंतर घरात अशी शांतता पसरली की बस. दोन दिवस फोन वाजला नाही. पंढरीशेठ शेजाऱ्यांना सांगत सुटले, की आमच्याकडे कामं इतकी चोख लावलीत, कोणाला काही विचारावंच लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून व्याही काळुराम स्वतः दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"शेठ, आमच्या पोरीचा काय चुकला? सरल सांगा."

"अवो, काय झाला काय?"

"दोन दिस फोन लावतोय. तुमी घेत नाय. एक बाई घेतं ना इंग्लिसमदी काय काय बोलतं. आमी समाजलो, लगीन मोरला."

पंढरीशेठनी रतनच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून पाहिला. हातातला फोन मख्ख, आणि रतनच्या फोनमध्ये बाई गोड आवाजात इंग्रजी बोलतेय! कोडने बाई गेली नव्हती. कोडने सगळाच कारभार तिच्या हवाली केला होता. मटणवाला, बँडवाला, मामेभाऊ, सगळे दोन दिवस तिच्याशीच बोलत होते.

व्याह्यांना पोहे देऊन, हात जोडून, कसंबसं वाटेला लावलं, तोवर रतनने पुढचा बाँब टाकला. "बायचा मिस कॉल आलता का?"

कसा येणार? आणि आला नव्हता म्हणून पंढरीशेठनी उलट फोनही केला नव्हता. दोन दिवस! घाईघाईने त्यांनी टिटवाळ्याला फोन लावला. कट. पुन्हा लावला. पुन्हा कट.

"रुसली," रतन म्हणाली. "आथा हलदीला तुमीच गा धवलं."

मग पंढरीशेठनी कस्टमर केअरला धरलं. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, मध्ये बासरी. बासरी ऐकून इतका संताप कधी कोणाला आला नसेल. अखेर एक खरी मुलगी बोलली.

"सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"बाई बंद करा!"

"सर?"

"ती बाई! माज्या फोनातली! तिच्यापायी माजा पोरगा बिनलग्नाचा ऱ्हाईल!"

मुलगी शिकलेली होती, तिला कळलं. "सर, व्हॉइसमेल बंद केला की आलेले सगळे मेसेज डिलीट होतील. कन्फर्म करू?"

"कन्फर्म, कन्फर्म, माजे आये, कन्फर्म!"

बाई गेली. पाचच मिनिटांत फोन खणखणला, आणि मांडववाल्याच्या शिव्या पंढरीशेठनी डोळे मिटून प्रसन्नपणे ऐकून घेतल्या. मग पेढे घेतले, गाडी काढली आणि ते बहिणीची समजूत काढायला टिटवाळ्याला निघाले.

सखुबाई ओटीवर बसून नवी साडी बघत होती. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही.

"बाय, माजा चुकला. पन रुसू नको."

"मी? मी कनाला रुसू?"

"मंग माजा फोन कट का केलास?"

"मी बोलत व्हतू ना!"

"कोनासंगं?"

"तुज्या बाईसंगं." सखुबाईचा चेहरा खुलला. "पहिल्यांदा मना राग आला. मंग समाजला, ती काय वाईट नाय. आपुन बोलाचा, ती आयकतं. मधी एक सबूद बोलत नाय. तू तं दोन मिंटान 'बरा बरा, ठेवतू' करतंस. मी तिला नयनच्या हलदीचं सगलं धवलं गाऊन दावलं. सगला आयकला बिचारीनं! तिला नेसाला काय देतंस हलदीला?"

पंढरीशेठना तिथेच थांबता आलं असतं. पण सकाळपासूनचा विजय अजून अंगात होता.

"कनाची बाई? टाकली बंद करून!"

सखुबाईने साडीची घडी घातली. हळूहळू, काठाला काठ लावून. "जिनी माजा सगला आयकून घेतला, तिला घालवलीस," ती म्हणाली. "मंग हलदीला माजा तरी काय काम? मोबाईलवर गानी लाव." आणि तोंड फिरवून बसली. आता मात्र ती खरोखर रुसली होती.

पंढरीशेठ अंगणात आले आणि त्यांनी पुन्हा कस्टमर केअर लावलं. पुन्हा बासरी. "सर, ती ऑफर संपली," दुसरी मुलगी म्हणाली. "आता परत चालू होणार नाही."

पंढरीशेठ घाम पुसत ओटीवर आले. "बाय, चालू केली. लावून बग."

सखुबाईने फोन उचलला. पंढरीशेठ 'गाडी बंद करून येतो' असं म्हणत (गाडी बंदच होती) धावत जाऊन गाडीमागे वाकून उभे राहिले. फोन वाजला. त्यांनी नाक चिमटीत धरलं, आवाज जमेल तितका बारीक केला आणि येत होतं तेवढं सगळं इंग्रजी वापरून टाकलं. "हॅलो... प्लीज... मेसेज... थँक्यू." मग तोंडानेच, "टूंऽऽ!"

"आलीस गो बाई?" पलीकडून आवाज आला. "मना वाटला, तुला हाकलली. आमचा पंढरी मनाचा वाईट नाय, फकत त्याला सवड नस्ते. आये गेल्यापासून मना आयकून घेनारा कोन नाय बग. लहान व्हता तवा माज्या कडंवर बसून मिठागराव हिंडाचा, मी सांगन ता सगला आयकाचा. तवा त्याला बोलता येत नव्हता."

'अगं बाय' असं पंढरीशेठच्या अगदी ओठावर आलं होतं, पण मशीनला बोलता येत नाही. सखुबाई बोलत राहिली. सासूचं, सुनेचं, गुडघ्याचं, आईच्या शेवटच्या दिवसांचं. ऊन डोक्यावर आलं, वाकून कंबर धरली, घाम चष्म्यावरून ओघळला. आयुष्यात पहिल्यांदा पंढरीशेठनी बहिणीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, आणि ऐकता ऐकता सवयीने त्यांच्या तोंडून "हं" निघून गेलं.

"बाई," सखुबाई सावकाश म्हणाली, "पंढरीला निरोप दे. म्हनावा, मी हलदीला येतू. आन त्याला सांग, गाडीमागं उन्हान उभा हाय, त्याचा टक्कल हिथून दिसतंय. घरान येऊन सरबत घे म्हनावा."

पंढरीशेठनी मोकळा हात टकलावर ठेवला.

"आन बाई, उद्यापासून मी तुला रोज याच टायमाला फोन करीन. मधी बोलाचा नाय. समाजलीस?"

पंढरीशेठनी इकडेतिकडे बघितलं, पुन्हा नाक चिमटीत धरलं आणि निमूटपणे म्हणाले, "टूंऽऽ."