सहा बाय चारची माई

"हे नाव पाळण्यापर्यंत पोचत नाही! लिहून घ्या!"

कोथरूडच्या सुखनिवास सोसायटीतल्या तात्या खांबेट्यांनी ही प्रतिज्ञा केली तेव्हा ऐकायला समोर फक्त फ्रिज होता. फ्रिजनं घुर्र केलं आणि तो बंद पडला. लाइट गेली होती. शकुन म्हणायचा तर हाच!

नाव होतं तात्यांच्या नातीचं. मुलगा केदार आणि सून ऋचा, दोघंही आयटीवाले, सहा महिन्यांत जर्मनीला निघालेले. नात अडीच महिन्यांची. पुढच्या रविवारी बारसं. आणि दोन-चार दिवसांपूर्वी जेवताना केदारनं भाजी वाढून घेता घेता सांगून टाकलं होतं.

"बाबा, नाव ठरलं. माई."

"कुणाचं?"

"छोकरीचं! आईची आठवण. शिवाय छोटं आहे, तिकडच्या लोकांनाही म्हणता येईल."

तात्यांनी आमटीचा असा भुरका मारला की पुढचं कुणालाच ऐकू येऊ नये.

माई म्हणजे तात्यांची बायको, सरोजिनी. मार्चमध्ये गेली. नातीचं तोंडही बघायला थांबली नाही. सगळं घर तिला माई म्हणायचं. सोसायटी, दूधवाला, वायरमन, मीटर बघायला येणारा माणूस, सगळ्यांची ती माई. एकटे तात्या सोडून! तात्यांनी छत्तीस वर्षांचा संसार 'अगं' एवढ्या भांडवलावर केला. नाव घेतलं ते दोनदाच, एकदा लग्नात आणि एकदा केदारच्या मुंजीत. दोन्ही वेळा उखाण्यात. दुसऱ्यांदा तर यमकही जुळलं नाही.

आणि आता? आता दिवसातून पन्नास वेळा घरात तेच नाव! 'माईनं शी केली.' 'माईला लस टोचली.' कालच केदार आतून म्हणाला, "हळू, माई झोपलीय," आणि तात्यांनी पटकन टीव्हीचा आवाज कमी केला. छत्तीस वर्षांची सवय! मग रिमोट हातात घेऊन बसून राहिले. बातम्या संपल्या, जाहिराती संपल्या, तरी आवाज वाढवला नाही.

'मला हे नाव सोसणार नाही रे,' असं सरळ सांगितलं असतं तर? केदार गुणी मुलगा, लगेच ऐकलं असतं. पण सरळ सांगणं तात्यांच्या रक्तातच नव्हतं. स्कूटरची हवा कुणीतरी सोडतं म्हणून पोलिसात न जाता स्कूटरवर 'हवा आजच सोडून झाली आहे, पुन्हा कष्ट घेऊ नयेत' अशी पाटी लावणारा हा माणूस! सोसायटीतल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच. प्रत्येक खोडी झाली की घरी येऊन सांगायचे, "अगं, ऐकलंस का?" माई हसायची नाही. पोळी लाटता लाटता नुसतं म्हणायची, "झालं?" त्या 'झालं?'साठी तर सगळा खटाटोप! मार्चपासून एकही खोडी झाली नव्हती. सांगायची कुणाला?

तर तात्या कामाला लागले. कॉम्प्युटर उघडला आणि 'माई' या एवढ्याशा शब्दाला जगभर हुडकून काढलं. शब्द कसला, बिनतिकिटाचा प्रवासी! इटलीत गेला तर अर्थ 'कधीच नाही'. थायलंडमध्ये 'नाही'. रोमानियात 'आणखी'. व्हिएतनाममध्ये 'उद्या'. जर्मनीत मे महिना. जपानात नाच. चीनमध्ये एका सुरात म्हटलं तर 'विकत घ्या', दुसऱ्या सुरात 'विका'!

तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यातलं 'कधीच नाही', 'नाही' आणि 'विका' एवढंच निवडून टाइप केलं. खाली 'एक हितचिंतक'. कोथरूडचा शिक्का नको म्हणून बसनं कात्रजपर्यंत जाऊन पत्र पोस्टात टाकलं. पत्ता? वारज्याच्या मंदाकिनी साने, म्हणजे ऋचाच्या आई, निवृत्त मुख्याध्यापिका. या बाईंच्या डोक्यात एकदा शंका शिरली की पेन्शन घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही!

तीन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला. तात्यांनी आवाजात जमेल तेवढी काळजी आणली.

"काय म्हणता मंदाकिनीताई? कुणाचं पत्र? अरेरे!"

"अरेरे काय! अहो, मी स्वतः शोधलं, अजून आठ भाषा सापडल्या! केवढं विश्वव्यापी नाव! मी बारशाला यावर पंधरा मिनिटं बोलणार आहे. फ्लेक्स करायला टाकलाय. सहा बाय चार!"

"फ्लेक्स?"

"जगाच्या नकाशासकट. तुम्ही फक्त लावायला सुतळी आणा."

तात्यांनी सुतळी आणली. दुसरं काय करणार?

पण हार मानतील तर ते तात्या कसले! दुसरं पत्र तयार झालं. या खेपेला त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एक अख्खं बेट काढलं. टुंबालू. टुंबालू बेटावरच्या भाषेत 'माई' म्हणजे तीन दिवसांची शिळी मासळी! पुन्हा कात्रज, पुन्हा पोस्ट. परत येताना बसमध्ये तात्या एकटेच खुदकन हसले. आणि सवयीनं मनात म्हणाले, 'अगं, ऐकलंस का?' मग कोथरूड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

रविवार उजाडला. सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजला, घुगऱ्यांचा वास सुटला. भिंतीवर तात्यांनीच बांधलेला फ्लेक्स! मध्ये ठळक 'माई', भोवती जग. त्याच्या शेजारी मंदाकिनीताईंनी एक कागद टाचणीनं लावला होता. दुसरं पत्र! त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा: 'अ‍ॅटलास तपासला. असे बेट नाही. हे पत्र लिहिणाऱ्याने जेवून जावे, पण बोलू नये.'

तात्यांना घाम फुटला, पण थोडाच. टाइप केलेलं, सही नाही, शिक्का कात्रजचा. पुरावा काय?

पहिले शेजारचे देवधर पत्र वाचायला गेले. वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले. आणि मान वळवून तात्यांकडे बघितलं. मग सोसायटीचे सेक्रेटरी गेले. वाचलं, थांबले, वळले. मग महिला मंडळ गेलं. एकामागून एक माना वळायला लागल्या, टेनिसची मॅच बघावी तशा! फक्त चेंडू एकाच बाजूला.

तात्या हळूच पत्राजवळ सरकले. शेवटी लिहिलं होतं: 'ता. क. वाचून झाल्यावर कागद फाडू नये. मागची बाजू कोरी आहे, वाण्याच्या यादीला वापरावी.'

आणि खाली जिन्यात, तात्यांच्या लेटरबॉक्सवर, बारा वर्षांपासून पाटी: 'जाहिरातवाल्यांनी एकाच बाजूला छापावे. मागची बाजू आम्ही वाण्याच्या यादीला वापरतो.'

जगातल्या कुठल्याही गुन्हेगारानं गप्प बसून पत्र संपवलं असतं. पण पुण्याचा माणूस! सूचना दिल्याशिवाय त्याला कागद सोडवतच नाही!

पाठीमागून आवाज आला. "झालं?"

तात्यांचा हात भिंतीला गेला. अगदी तोच आवाज, तोच कंटाळा, तोच शेवटचा हेल. वळून बघितलं तर दीपाली. त्यांची मुलगी, केदारची बहीण, म्हणजे बाळाची आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा.

"बाबा, इकडे या. खुर्च्यांच्या मागे."

"हे बघ दीपा, पुरावा काही…"

"का केलंत?"

तात्यांना तीन विनोद सुचले. तिन्ही बाजूला ठेवले.

"सगळे तिला माई म्हणायचे," ते म्हणाले. "ती ओ द्यायची. आता सगळे माई म्हणणार आणि ओ दुसरीच देणार. आणि मी प्रत्येक वेळी स्वयंपाकघराकडे बघणार. जर्मनीला गेल्यावर व्हिडिओ कॉलवर पण तेच. जमायचं नाही गं मला."

"मग हे केदारला सांगायचं!"

"सांगितलं ना. कात्रजहून."

दीपाली हसली नाही. डोळे पुसले आणि तरातरा पाळण्याकडे गेली.

मंदाकिनीताईंचं भाषण पंधरा मिनिटांचं पंचवीस झालं. व्हिएतनामपर्यंत आल्या तेव्हा घुगऱ्या गार झाल्या होत्या. मग बाळाला पाळण्यात घातलं. दीपाली वाकली. कानाशी तोंड नेलं, आणि अडली. माई म्हणायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. दुसरं नाव? ते ठरवलंच नव्हतं! इकडे 'कुर्रर्र' झालं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालायला सुरुवात केली. महिला मंडळ, चांगलं योगासनं करणारं! चौथ्या गुद्द्याला दीपालीच्या तोंडून जे मनात होतं ते बाहेर पडलं.

"सरोजिनी!"

पाचवा गुद्दा हवेतच थांबला.

ऋचा केदारकडे बघायला लागली. केदारचे डोळे भरले. "आईचं खरं नाव," तो हळूच म्हणाला. "हे आपल्याला कसं सुचलं नाही?" ऋचानं नाक ओढत मान हलवली. आत्यानं कानात सांगितलेलं नाव. ते आता कोण बदलणार?

"चार अक्षरं!" मंदाकिनीताई फ्लेक्सकडे हात करून किंचाळल्या. "आणि माझ्या अकरा भाषा?"

त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. देवधरांनी तात्यांना पुढे ढकललं होतं. "चला, आजोबांनी पहिली हाक मारायची! नाव घेऊन! यमक नको, नुसतं नाव!"

तात्या पाळण्यापाशी उभे राहिले. ज्या नावाला घाबरून कात्रजला दोन फेऱ्या मारल्या त्याचं हे थोरलं भावंड निघालं! माई निदान सगळ्या जगाची होती. सरोजिनी हे नाव तर फक्त रेशनकार्डावर, मृत्यूच्या दाखल्यावर आणि दोन उखाण्यांत होतं. त्यांनी तोंड उघडलं. 'स' आला. पुढचं आलं नाही. पाळण्यातली पोर एवढ्या गलक्यानं कावरीबावरी होऊन भोकाड पसरायच्या बेतात होती.

"अगं," तात्या म्हणाले.

पोरीनं ओठ आवरला आणि त्यांच्याकडे बघितलं.

बायका हसल्या. तात्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घुगऱ्या तिखट झाल्यात म्हणून सगळ्यांना सांगितलं. अजून खाल्ल्या नव्हत्या!

आता पोर जर्मनीत असते. तिकडचे लोक सरोजिनी पूर्ण म्हणतात म्हणे, कितीही वेळ लागला तरी. फ्लेक्स तात्यांनी स्कूटरवर आच्छादन म्हणून घातलाय. पहिल्याच दिवशी पाटीही लावली: 'कृपया ओढू नये. खाली स्कूटर आहे, वर माई आहे.' ही खोडी कुणाला सांगितलेली नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल येतो. तात्या अजून तेवढंच म्हणतात, "अगं." पोर स्क्रीनच्या जवळ येते. मग कॉल संपतो, स्क्रीन काळी होते. तात्या चष्मा काढून ठेवतात आणि स्वयंपाकघराकडे बघत नाहीत.

'अगं'चा कुठल्या भाषेत काय अर्थ होतो, ते मात्र त्यांनी अजून शोधलेलं नाही. उगाच 'कधीच नाही' निघायचं!