डाव्या डोंगराचा पाडाव

श्री. जी डोळ्यांस दिसत नाही आणि तरी दुधाचे दही करिते, त्या सूक्ष्म शक्तीस आधी वंदन असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी संवत्सरी, औषधे करणाऱ्या एका राज्यात जो पराक्रम जाहला, तो जैसा घडला तैसा लिहितो.

राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. तेथे फेफऱ्यावरील एक औषध मुख्य होते, आणि त्याचे कण दोन जातींचे, एक उजवा आणि एक डावा, जैसे पायींचे जोडे. घडण एक, वजन एक, परंतु उजवा जोडा डाव्या पायी चालत नाही. उजव्या कणाने रोग्याचे झटके थांबत आणि डाव्याने घेरी येऊन रोगी पडे. भट्टीचे सरदार यशवंतराव खर्डेकर धातूची भुकटी आणि प्रखर आच यांच्या बळे खंडीने माल काढीत. परंतु आचेस उजवेडावे कळत नाही, म्हणोन दोन्ही कण निम्मेनिम्मे निपजत, मग डावे निवडून टाकावे लागत आणि निम्मी मेहनत सांडपाण्यात जाई, तरीही थोडे डावे मालात राहत. हे महाराजसाहेबांस साहेना. त्यांनी दरबारात विडा ठेविला की, निव्वळ उजवे औषध कोण करितो, आणि तो विडा हेमांगीबाई टिपणीस यांनी उचलिला.

बाई विकरांच्या पथकाच्या मुख्य. विकर म्हणजे जिवाणूच्या पोटातील कारागीर. त्याच्या अंगी एक खाच असते, आणि जो कण त्या खाचेत नेमका बसेल त्याचेच काम तो करितो, इतरांकडे पाहतही नाही, म्हणोन त्याच्या हातून एकाच जातीचा कण निपजतो. महाराजसाहेबांनी आज्ञा केली की, खंडेनवमीच्या शस्त्रपूजेपर्यंत साधले तर अग्रपूजेचा मान विकराचा, न साधले तर पथक मोडावे आणि माणसे भट्टीवर द्यावी. यशवंतराव म्हणाले, मंडळी हुशार आहेत, आच लागली की रंग धरतील, आणि दरबार हसला.

मग बाईंनी मातीतील एका जिवाणूचा विकर आणिला आणि त्याच्या कुळाच्या लेखात, म्हणजे जनुकात, जागोजागी अक्षरे पालटून नवी प्रजा निर्माण केली, आणि त्या प्रजेची परीक्षा घेऊन उत्तम तो निवडिला, मग त्याचीच प्रजा वाढवून पुन्हा निवडिले. परंतु खऱ्या औषधास रंग नाही, ते ओळखावयास लांब नळीचे यंत्र लागे आणि एकेका नमुन्यास फार वेळ जाई. म्हणोन बाईंनी औषधाच्या कच्च्या मालाचे एक भावंड परीक्षेस घेतले, जे विकराने काम करिताच पिवळे होई. पिढीमागून पिढी पिवळा गडद होत चालला आणि पथकात पेढे वाटले गेले. मग भाद्रपदात त्या महापिवळ्या वीरास खऱ्या कच्च्या मालावर सोडिले, तो त्याने काहीच केले नाही. पाणी जैसे होते तैसे राहिले. दुसरे पात्र भरिले, तेही तैसेच.

वार्ता भट्टीवर गेली आणि यशवंतराव स्वतः पाहावयास आले. पात्र उजेडात धरोन ते बोलिले, "बाई, तुम्ही त्यास हळदीच्या परीक्षेस बसविले. तो हळदीत पहिला आला. त्याचे काय चुकले?"

मंडळींच्या माना खाली गेल्या. बाई मात्र म्हणाल्या, "सरदार, हे तुम्ही चेष्टेत बोललात, पण खरे बोललात. आता तुमची नळी द्या."

नळीचे यंत्र भट्टीच्या ताब्यात होते. यशवंतराव म्हणाले की देतो, परंतु माझा माल आधी तपासला जाईल, तुमचा शिलेदार रांगेत मागे उभा राहील. आणि बाईंनी मान्य केले. मग त्यांनी पिवळ्या वीरांचे सारे कूळ बाजूस सारिले, कारण त्यांची खाच हळदीच्याच मापाची झाली होती, आणि शीतपेटीतून पहिल्या पिढ्यांतील ते फिके विकर काढिले जे नापास म्हणोन ठेवून दिले होते. ते खऱ्या मालावर घातले, तो एक फिका थोडे थोडे काम करू लागला. मग त्याचीच प्रजा वाढविली, आणि आता प्रत्येकाची परीक्षा खऱ्या औषधावर, नळीतून, रांगेत मागे उभे राहून. काम संथ चालिले आणि पितृपक्ष सरला. मंडळी म्हणत, बाई, पिवळ्याची घाई बरी होती. बाई म्हणत, घाईनेच पिवळे झालो.

खंडेनवमीचा दिवस उगवला. भट्टीस झेंडूचे तोरण चढले, महाराजसाहेब आले, आणि अखेरच्या पिढीचा नमुना नळीत सोडिला. त्या यंत्राची रीत ऐसी की, ते पडद्यावर रेघ काढिते आणि रेघेत दोन डोंगर उभे राहतात, एक उजव्या कणांचा आणि एक डाव्यांचा. भट्टीच्या न निवडलेल्या मालाचे दोन्ही डोंगर बरोबरीचे, हे राज्यात पोरासही ठाऊक. रेघ चालू लागली, उजवा डोंगर चढला आणि उतरला, मग डाव्याची जागा आली, आणि रेघ सपाट जमिनीवरून चालत पुढे निघोन गेली.

"नळी तुंबली असेल," यशवंतराव म्हणाले.

त्यांनी आपल्या हाते आपला माल सोडिला, तो दोन डोंगर उभे राहिले. मग पुन्हा विकराचा सोडिला, तो एकच. तेव्हा ते पात्रापाशी गेले आणि सवयीने हात आखडता घेऊन मग काचेस लाविला. पात्र अंघोळीच्या पाण्याइतके कोमट होते.

"एवढ्याच आचेवर?" त्यांनी पुसिले.

"यास एवढीच सोसते," बाई बोलिल्या.

मग यशवंतरावांनी भट्टीच्या तोरणातील एक झेंडू काढिला आणि पात्रापुढे ठेविला, आणि महाराजसाहेबांनी त्यावर अक्षता टाकिल्या. पथक राहिले. पुढील दसऱ्यापर्यंत त्या औषधाची भट्टी विझली आणि सांडपाण्यात जाणारे निम्मे वाचले.

येणेप्रमाणे डावा डोंगर पडला. तो अगदीच नव्हता ऐसे म्हणवत नाही. यंत्रास दिसेल इतका नव्हता, इतुके खरे, आणि ते यंत्र शत्रूचे होते.