केळुसकर काकांचा अकरा नंबर

केळुसकर काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू पांढरीफटक असे आणि उजवी बाजू माणसासारखी. मधोमध, नाकाच्या शेंड्यावरून, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. या अवतारात ते रोज सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत आणि समोर येईल त्याला गंभीरपणे "गुड मॉर्निंग" म्हणत. दिवाळीनंतर लग्न होऊन मी डोंबिवलीच्या त्या चार मजली इमारतीत आले आणि दुसऱ्याच दिवशी मला हे दर्शन घडलं. माझ्या हातातली कचऱ्याची बादली सुटली ती थेट खालच्या मजल्यापर्यंत गडगडत गेली.

"घाबरू नका," बादली उचलून आणत काका म्हणाले. "डावीकडे सहा नंबर आहे. उजवीकडे काहीच नाही. काहीच लावलं नाही तर काय होतं, तेही कळायला हवं ना?"

सहा नंबर म्हणजे उन्हात जाताना चेहऱ्याला लावायचं सहावं क्रीम. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून लोक सावलीतून चालत, फार तर छत्री घेत. त्यासाठी चेहऱ्याला रोज काही लावायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यामुळे साठीला आलेल्या काकांना गोरं व्हायचंय, असा इमारतीने परस्पर निकाल लावून टाकला होता. "दुसरं लग्न करतायत की काय!" असं खालच्या जोशी वहिनी पदराआडून म्हणत, आणि आम्ही सगळ्या हसत असू. मीही हसत असे, ते लपवण्यात अर्थ नाही.

काकांनी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली होती. काम एकच. पत्र्याच्या तुकड्यांना रंग द्यायचा, ते तुकडे गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून मांडायचे, आणि कुठला रंग किती दिवसांत उडतो ते वहीत लिहायचं. रिटायर झाल्यावर पत्रे कारखान्यात राहिले, वही घरी आली, आणि दक्षिणेकडे तोंड करून बसायला काका स्वतःच उरले. सोसायटीने इमारतीला रंग काढायचं ठरवलं तेव्हा काकांनी मागच्या भिंतीवर बारा चौकोन रंगवले आणि म्हणाले, "सहा महिने थांबू." सेक्रेटरी सहा मिनिटंसुद्धा थांबायला तयार नव्हते.

मला तेव्हा सुगंधी स्नो थापायची भारी हौस. एकदा काकांनी मला जिन्याच्या खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.

"हा नुसता फिनिशिंग कोट झाला. आधी सर्फेस बघितला का?"

"म्हणजे काय काका?"

"म्हणजे तुमची त्वचा कसली, ते. संध्याकाळी तोंड धुवा. तासभर काही लावू नका. मग पतंगाचा कागद घ्या आणि कपाळ, नाक, गाल, सगळीकडे दाबून बघा. कागद कुठे तेलकट होतो, कुठे कोरडा राहतो, मला येऊन सांगा."

घरात सगळ्यांदेखत मी नाकावर पतंगाचा कागद दाबून बसले. नवऱ्याने त्या रात्री मला जरा काळजीनेच "माहेरची आठवण येते का?" असं विचारलं. कागद नाकाला तेलकट, गालाला कोरडा निघाला. काका खूश झाले. "मिश्र सर्फेस! म्हणजे चिकट, जाड क्रीम नको. पातळ लोशन बघा. वास जितका कमी तितकं चांगलं, वासानेच निम्म्या लोकांचं तोंड चुरचुरतं. आणि आणलं की लगेच तोंडाला फासायचं नाही. आधी आठ दिवस कानामागे लावायचं."

"कानामागेच का?"

"कान लाल झाला तर केस सोडता येतात. नाक लाल झालं तर काय सोडाल?"

पुढचे आठ दिवस मी केस सोडूनच हिंडले, कारण पहिलं लोशन नापास झालं. दुसरं मानवलं. ते किती लावायचं, तर दोन बोटांवर मावेल एवढं. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी. ढगाळ असलं तरी. "आज ऊन कुठंय?" असं कुणी म्हटलं की काकांचं ठरलेलं उत्तर येई, "ऊन कुणाचं नातेवाईक नाही. ते न सांगता येतं."

त्यांच्या या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळालेली एकच बाई होती. ठाकुर्लीच्या खाडीकडून मासे घेऊन येणारी हिराबाय. जन्म सगळा उन्हात गेलेला, चेहरा तांब्याच्या हंड्यासारखा. काका तिची पाटी उतरवायला मदत करत आणि आम्हाला बोलावून दाखवत, "बघा, याला म्हणतात सर्फेस! चाळीस वर्षं उन्हात आहे. कुठे तडा दिसतोय?" हिराबाय लाजून लाल होई आणि काकांना दोन बांगडे जास्त घाली.

संक्रांतीनंतर काकांनी अर्धा चेहरा सोडून दिला. आता डोळ्यांभोवती, ओठांच्या दोन्ही कडांना आणि हनुवटीवर पांढरे जाड ठिपके दिसायला लागले. सांगायला हवं, हा अवतार आधीच्यापेक्षा वाईट होता. मुलं जिन्यात दबा धरून बसत आणि काका दिसले की खिदळत पळत. काका मात्र खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपून घेत आणि शांतपणे वर जात.

या सगळ्यात केळुसकर काकू कुठे होत्या, हा प्रश्न मला पडला तो होळीनंतर, वाळवणं सुरू झाल्यावर. आमच्या गच्चीवर सकाळी सातपासून बायकांची जत्रा भरे. त्या जत्रेत काका एकटे पुरुष. गव्हाच्या चिकाचं गरम पातेलं फडक्यात धरून ते वर आणत आणि सोऱ्याने प्लास्टिकवर कुरडया घालत, एका ओळीत, सारख्या अंतरावर, दक्षिणेकडे तोंड करून. कुरडईला तोंड नसतं हे त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. पण चीक असा काही शिजलेला असे की जोशी वहिनीसुद्धा मुकाट्याने चाखून बघत. "काकू का नाही येत वर?" कुणी विचारलं की काका म्हणत, "तिला ऊन सोसत नाही." ते इथे राहायला आल्यापासूनच्या दोन वर्षांत इमारतीतल्या कुणीही काकूंना धड पाहिलं नव्हतं.

एकदा त्यांचं पातेलं गच्चीवर राहिलं, ते द्यायला मी गेले. काका बाहेर गेले होते. दार काकूंनी उघडलं, आणि पदर तोंडावर घ्यायला त्यांना एक क्षण उशीर झाला. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडांना, हनुवटीवर कोडाचे पांढरे डाग होते.  मी सुचलं ते बोलले, "काकू, चीक इतका मऊ कसा होतो हो तुमचा?"

त्यांनी पदर सोडला. आत बोलावलं. चहा केला.

"खडवलीला होतो तेव्हा आख्ख्या आळीची वाळवणं माझ्या अंगणात व्हायची," त्या सांगू लागल्या. "मग हे सुरू झालं. या डागांवर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं बघ. आणि ऊन परवडलं गं, पण बायका ताट बाजूला सरकवून घ्यायच्या. मुलं बघून हसायची. मी दारच बंद केलं. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, रोज क्रीम लावून खुशाल उन्हात जा, हा काही लागणारा रोग नव्हे. पण जे लावावं त्याने आग व्हायची. तेव्हापासून हे आधी स्वतःच्या तोंडाला लावून बघतात. त्यांना सोसलं तरच माझ्या कानामागे. आता एक कानामागे सोसलंय, पण अजून पास नाही म्हणतात." त्यांनी कप खाली ठेवला. "मला एकदा वर यायचंय गं. बाकी काही नको."

मी घरी आले आणि पदराआड हसलेलं सगळं आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

एप्रिल संपत आला तेव्हा एक दिवस काकांनी मला जिन्यात थांबवलं. "उद्या ती येईल. तुम्ही आपल्या नेहमीसारख्या वागा."

दुसऱ्या दिवशी काका पातेलं घेऊन पुढे आणि काकू मागे. चेहऱ्यावर क्रीमचा पातळ हात होता, पण डाग त्यातून स्पष्ट दिसत होते. गच्चीच्या दारात त्या थबकल्या. बायकांचे हात थांबले. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्यासकट सगळ्या गप्प. काकू आता मागे वळल्या तर पुन्हा वर यायच्या नाहीत, हे मला कळत होतं.

नेमकी तेव्हा मागून हिराबाय सुकट घेऊन वर आली. खाली कुणी ओ देईना म्हणून चार मजले चढून, धापा टाकत. तिने काकूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गो बाय, तू पन नवऱ्याचा मलम लावलास?"

काका पातेलं धरून तसेच उभे राहिले. काकूंनी हिराबायकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "नाही गं. माझं आतूनच आहे."

"मंग बरा हाय," हिराबाय पाटी टेकवत म्हणाली. "रोज लावाचा ताप नाय."

आधी काकू हसल्या. मग सगळी गच्ची हसली. जोशी वहिनींनी सरकून आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाल्या, "बसा काकू. आधी तुमचा सोऱ्या दाखवा, नि ती सुकट जरा लांब ठेवा गं कुणीतरी!" मुलं प्लास्टिकभोवती पकडापकडी खेळत होती. त्यातल्या एकानेही मान वळवून पाहिलं नाही. असा चेहरा त्यांनी इतके दिवस रोज जिन्यात पाहिला होता, त्यात बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

काका पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले होते. मी तिकडे गेले. "शेवटी कुठला नंबर पास झाला काका?"

"अकरा."

"कधी?"

त्यांनी टाकीआडून काकूंकडे पाहिलं. "जानेवारीतच. तिला सांगू नका."

"मग इतके दिवस का थांबवलंत त्यांना? आणि तुम्ही हे ठिपके..."

त्यांनी खिशातली वही काढून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. संक्रांतीपासूनच्या तारखा, आणि प्रत्येकीपुढे 'हसले' असं लिहून आकडा. सुरुवातीला चौदा, सतरा. मग नऊ. मग चार. गेला आठवडाभर नुसतं शून्य.

"हसणंसुद्धा उडतं, रंगासारखं," काका म्हणाले. "पण त्याला दिवस द्यावे लागतात. तिच्यावर कशाला टेस्ट करायची? म्हटलं, पत्रा आपला घेऊ."

पलीकडे काकू हिराबायला कुरडई कशी घालायची ते दाखवत होत्या आणि उन्हात त्यांचा चेहरा घामाने चमकत होता. काकांनी आजची तारीख लिहायला पेन काढलं. मग त्यांना ते जमेना, म्हणून वही माझ्याकडे दिली आणि चष्मा पुसत बसले.

मी तारीख घातली आणि पुढे शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दुधाच्या पिशव्या घेतलेला एक सावळासा, सज्जन दिसणारा माणूस मला "गुड मॉर्निंग" म्हणाला. दोन पायऱ्या उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ते काका होते. चेहऱ्याला त्यांनी काहीच लावलं नव्हतं.