सूर्यमळ्याची पूजा आणि थंड भट्टीचे वर्तमान

श्री सहस्ररश्मी समर्थ. ज्याचे उजेडी राव आणि रंक सारखेच दिसतात, त्यास वंदन करोन लिहिले जाते ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, या राज्यात कोळशाची भट्टी विझविली, ती कैसी विझली आणि पुन्हा का न पेटली, ते ऐकावे.

भट्टी थोर होती. तिचे वाफेवर चक्र फिरे आणि चक्रावर वीज होई, आणि त्या विजेवर राजवाड्यातील झुंबरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्व कारभार चाले. भट्टीचे सरनोबत सुभानजी गायधने, मोठे मानकरी, पहाटे तिला आई म्हणोन हाक मारोन नमस्कार केल्याखेरीज चहा न घेत. परंतु पाऊस वेळेस येईना आणि अवेळी येई, आणि चैत्रातच माणसे भोवळ येऊन पडो लागली. मग नाना देशींचे राजे एके ठायी बसले आणि धूर आवरावा ऐसा करार केला, आणि आपले महाराजांनीही त्यावर शिक्का केला. शिक्का करणे दरबारास नेहमीच सोपे. पुढे कारागिरांनी उन्हाची वीज करणारे काचेचे फलक स्वस्त केले, आणि महाराजांनी त्यांवरील जकात माफ करोन कोळशावर धूरपट्टी बसविली, तेव्हा जे मुत्सद्दी काल फलकांस हसत होते तेच आज आपल्या गच्चीवर फलक मांडो लागले. मग माळावर सूर्यमळा उभा जाहला आणि त्याची कारभारीण म्हणोन सुभानजींचीच लेक येसूबाई नेमिली. पाडव्यास भट्टी विझविली. सुभानजींनी स्वहस्ते विझविली आणि घरी येऊन जेवले नाहीत.

तथापि वीज साठविणारे बॅटरीचे संच अद्याप दरबारी मंजुरीस पडून होते, सबब हुकूम जाहला की एक ढीग कोळसा राखावा आणि मळ्याने दगा दिल्यास भट्टी तात्काळ पेटवावी. त्या एका हुकमावर सुभानजी जगो लागले. रोज जाऊन भट्टीचे दार पुसावे आणि बिजागरीस तेल द्यावे आणि आभाळाकडे पाहावे. श्रावणात ढग दाटले की त्यांचा चेहरा खुले, मग मळ्यावर लेक आहे हे आठवोन पुन्हा उतरे. ऐसी ओढ वैऱ्यासही नको.

मग आश्विनात खंडेनवमी आली, हत्यारे-अवजारे पुजावयाचा दिवस. येसूबाईने गडी-बाया मिळवोन फलक धुतले आणि ओळीने हळदकुंकू लाविले आणि झेंडूच्या चादरी घातल्या, आणि नव्या मानकऱ्यांस उघडे कैसे ठेवावे म्हणोन घरोघरचे शालू-शेले आणोन वर पांघरविले. पूजा ऐसी देखणी जाहली की भर दुपारी राज्याची वीज गेली. गिरणी थांबली आणि पाण्याचे पंप थांबले आणि महाराज घामाघूम जाहले, आणि कोळशाचे मक्तेदार दरबारी येऊन म्हणो लागले की मळा कुचकामी आहे, मोडोन टाकावा. तेच समयी भट्टी पेटविण्याचा हुकूम घेऊन स्वार निघाला.

सुभानजींनी हुकूम मस्तकी लाविला, स्वारास फाटकापाशी बसविले, पलिता पेटविला आणि भट्टीचे दार उघडिले. इतक्यात येसूबाई धावत आली.

"आबा, थांबा. मळ्याची काही चूक नाही, माझी आहे. आम्हीच फलक झाकून ठेवले. माणसं पुसायला लावलीत, घटकाभरात वीज येते."

"हुकूम आहे, येसू."

"ठाऊक आहे. पण आज धूर दिसला की उद्या मळा मोडतील. मग परत कोण उभारणार?"

"आणि ही परत कोण पेटवणार?" सुभानजी म्हणाले. "पाडव्यापासून याच दिवसाची वाट पाहिली गं मी. तुझा मळा बंद पडावा म्हणून नवस बोललो. बापानं बोलू नये ते बोललो."

येसूबाई मग म्हणाली, "पूजा कशी करायची ते तुम्हीच शिकवलंत, आबा. भट्टीला साडी नेसवायचात तुम्ही. मला दुसरी रीत येत नाही."

पलिता बोटांपर्यंत जळत आला तरी सुभानजींनी तो सोडिला नाही. मग दार लोटिले आणि पलिता पाण्यात बुडविला, आणि फाटकापाशी जाऊन स्वारास म्हणाले, "दरबारात सांगा, कोळसा भिजलाय, पेटत नाही." कोळसा तर ठणठणीत कोरडा होता. स्वार गेला आणि बोलणे खोटे राहू नये म्हणोन सुभानजींनी त्या ढिगावर बादल्यांवर बादल्या ओतिल्या, आणि ओतता ओतता रडले.

घटकेने वीज आली. मक्तेदार घरी गेले आणि बॅटरीचे संच मंजूर जाहले, आणि हुकमाची तामिली न केली म्हणोन सुभानजींची सरनोबती गेली.

येणेप्रमाणे धूर सरला, आभाळ निवळले आणि राज्याचे कल्याण जाहले, यात संशय नाही. थंडी पडली तेव्हा येसूबाईने बापास विजेची शेगडी आणोन दिली. सुभानजी तिजपुढे हात धरोन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "ऊब बरी आहे, पोरी. फक्त हिला काय म्हणून हाक मारावी, ते कळत नाही." इतकेच वर्तमान. पुढे लिहवत नाही.