बंद थिएटरचा दुपारचा खेळ

साहेबांना ती वाफ पहिल्यांदा दिसली तेव्हा ते गॅलरीत उभे राहून बायकोने वाळत घातलेले टॉवेल पुन्हा एकदा सरळ करत होते.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत होते तोवर ते बाजारात शिरले की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण घाईघाईने नखाने खरवडून काढत. माणसांवर संशय घेण्याबद्दल सरकारने त्यांना उभा जन्म पगार दिला. निवृत्तीनंतर पगार थांबला, संशय मात्र चालूच राहिला, आणि बाजार हाताशी नसल्यामुळे तो घरातल्या घरात फिरू लागला. साबणाची वडी इतक्या लवकर कशी झिजते, दूध उतू जातं ते नेमकं किती जातं, बायको मीठ नुसत्या चिमटीने कसं घालू शकते, याची चौकशी सकाळी सुरू व्हायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत.

गॅलरीच्या बरोबर समोर ते थिएटर होतं. एके काळी उपनगरातली निम्मी लग्नं तिथे जमली होती आणि उरलेल्या निम्म्यांची भांडणं तिथे मिटली होती. आता मालकांच्या भावाभावांचा दावा कोर्टात पडून होता आणि थिएटर इथे पडून होतं. दर्शनी पाटीवरची अक्षरं गळून गेली होती. तिकिटाच्या खिडकीवर फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि पोस्टरच्या चौकटीत कबुतरांनी बिऱ्हाड केलं होतं.

त्या थिएटरची आठवण निघाली की साहेब छाती फुगवत आणि बायको तोंड फिरवी. लग्नानंतरचा त्यांचा पहिलाच सिनेमा तिथला. मध्यंतरात साहेबांनी लाह्यांचा पुडा हातावर तोलला, त्यांना तो हलका लागला, आणि ते लाह्यावाल्याला दंडाला धरून मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेले. पंचनामा संपला तेव्हा सिनेमाही संपला होता. नायिकेचं पुढे काय झालं, हे बायकोला आजतागायत कळलेलं नव्हतं.

तर त्या थिएटरच्या वरच्या अंगाला, जिथून पूर्वी पडद्यावर उजेड फेकायचे त्या खोलीच्या झरोक्यातून, भर दुपारी पांढरी वाफ येत होती.

“अगं, इकडे ये आधी! तिथे काहीतरी शिजतंय.”

“कबुतरांची पिसं उडत असतील,” बायको आतूनच म्हणाली. ती शिवणाच्या क्लासला निघायच्या गडबडीत होती.

“पिसं कधी वर जातात का?”

“वारा असला की जातात. मी निघते. टॉवेल वाळलेत, उगाच ओढू नका.”

बायको गेली आणि साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस नसलेल्या इमारतीत वाफ म्हणजे दारूची भट्टीच असणार. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ते गॅलरीत खुर्ची टाकून, डोळ्यांत तेल घालून बसू लागले.

आणि जे दिसलं त्याने ते पार चक्रावले. थिएटरच्या बाजूच्या दाराशी कोपऱ्यावरचा औषधवाला आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, दारावर दोन टिचक्या मारल्या. दार बोटभर उघडलं, औषधवाला तिरका होऊन आत सरकला. त्याच्या हातात फुगलेली पिशवी होती. मग शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, ज्यांच्यासमोर अजूनही मोठमोठी माणसं खिशातून हात बाहेर काढतात. त्यांच्याही हातात तसलीच पिशवी. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरची, जुळ्या पोरांची आई. पोरं नव्हती, पिशवी होती. ऊन उतरायच्या सुमाराला एकेक जण बाहेर पडला. आत जाताना ओढलेले चेहरे बाहेर येताना टवटवीत झाले होते.

“नशा!” साहेब स्वतःशीच म्हणाले. “औषधवाला माल पुरवतो, बाई हिशेब ठेवतात, आणि ती जुळ्यांची आई... ती गिऱ्हाईक असेल बिचारी.”

रात्री जेवताना त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

“कोणाकोणाला पाहिलंत?”

“तुला कशाला?”

“सहज विचारते.”

“औषधवाला, मुख्याध्यापिका आणि जुळ्यांची आई.”

“अजून कोणी?”

“अजून तरी नाही. पण सुटणार कोणी नाही माझ्या नजरेतून.”

बायकोने सुस्कारा सोडला आणि घास तोंडात घातला. “तुम्हाला ना, काही उद्योग नाही,” ती म्हणाली.

आणि चमत्कार असा, की दुसऱ्या दिवसापासून त्या दाराकडे चिटपाखरूसुद्धा फिरकेना. वाफ मात्र वेळेवर निघत होती. साहेब हादरले. म्हणजे बातमी फुटली होती! पण कुठून? त्याच दिवशी सकाळी ते चौकीवर जाऊन हवालदाराच्या कानावर सारा प्रकार घालून आले होते. हवालदाराने ऐकता ऐकता तीन वेळा जांभई दिली होती.

“साहेब, पुरावा आणा, मग बघू,” तो म्हणाला होता. त्याचे डोळे लाल होते.

आता साहेबांना त्या लाल डोळ्यांचा अर्थ लागला. हवालदारच सामील! घरात तर त्यांनी फक्त बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोवर संशय घेण्याइतके ते काही संशयी नव्हते.

पोलीसच फितूर म्हटल्यावर छापा स्वतःच घालणं आलं. साक्षीदार म्हणून त्यांनी मेहुण्याला फोन केला. मेहुणा पन्नाशीला टेकला होता आणि दारातून आत येताना दार अडवून टाकत होता, तरी सगळ्या नात्यात त्याचं नाव अजून छोटूच होतं. बायको क्लासला गेल्यावर साहेबांनी त्याला बेत सांगितला.

“भावोजी, भट्टीवाले लोक असले तर मारतील हो आपल्याला.”

“मी पुढे असेन.”

“मग हरकत नाही,” छोटू म्हणाला.

बाजूचं दार आतून बंद होतं. मागच्या बोळात, स्वच्छतागृहाच्या भिंतीत, एका दाराची खालची फळी निखळलेली होती. साहेब अंगाने सडपातळ, ते सापासारखे आत गेले. छोटूचं डोकं आत आलं, एक हात आला, आणि पुढचा कार्यक्रम थांबला.

“श्वास सोड.”

“सोडला.”

“पोट आत घे.”

“हे आत घेतलेलंच पोट आहे, भावोजी.”

साहेबांनी त्याचा हात धरून ओढला. छोटूचा शर्ट टर्रकन फाटला, पण छोटू होता तिथेच होता. “मला असा टाकून जाऊ नका,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “मागून कुत्रं आलं तर?”

साहेब जायला वळले आणि जागच्या जागी थिजले. थिएटरच्या पोटातून आवाज येत होता. खोल, जड, घरघरणारा आवाज. एक थांबला की दुसरा सुरू होत होता.

“मशीन,” साहेब कुजबुजले. “भट्टीचं नाही हे. नोटा छापतात वाटतं.”

छोटूची बोबडी वळली. आणि तेवढ्यात टॉर्चचा झोत साहेबांच्या तोंडावर पडला.

“कोण आहे? चपला काढून या, आवाज होतो.”

टॉर्चमागे एक म्हातारा उभा होता. थिएटर चालू असताना अंधारात लोकांना खुर्च्या दाखवणारे हे टॉर्चवाले मामा. थिएटर बंद झालं, मालक गेले, किल्ल्या मात्र मामांकडेच राहिल्या होत्या.

“मामा? तुम्ही पण यांच्यातले?”

“साहेब, हळू बोला.” मामांनी छोटूकडे उजेड फिरवला, त्याला नीट पाहिलं आणि फळीचा वरचा खिळा शांतपणे फिरवला. फळी बाजूला झाली, छोटू दाणकन आत आला. मामांनी कपाळाला हात लावला.

“काय चाललंय आत? मला सगळं पाहायचं आहे,” साहेब म्हणाले.

“पाहा. पण पाय उचलून चाला.”

पडदा बाजूला करून साहेब आत गेले. काळोखाला डोळे सरावले तेव्हा खुर्च्यांच्या रांगांमधून त्यांना एकेक माणूस दिसू लागला. औषधवाला मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपला होता. मुख्याध्यापिका दोन खुर्च्यांवर मुटकुळं करून, गालाखाली हात घेऊन, लहान मुलीसारख्या झोपल्या होत्या. जुळ्यांची आई तर अशी पडली होती की तिला उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं. प्रत्येकाच्या डोक्याखाली उशी होती, आणि उशी घालून आणलेली रिकामी पिशवी शेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती. सगळ्यात पुढच्या रांगेत, टोपी पोटावर ठेवून, ते जड मशीन चालवत होता खुद्द हवालदार.

“रात्रपाळी करून येतात बिचारे,” मामा म्हणाले. “घरात पाच पोरं आणि वर ढोलकीचा क्लास. इथल्या भिंती जाड, साहेब. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बांधल्या होत्या. आता बाहेरचा आत येत नाही. लोक येतात, पडतात, मी दुपारीच वरच्या खोलीत आधण चढवून ठेवतो आणि उठायच्या वेळेला चहा करतो. त्यात काय गुन्हा आहे ते सांगा.”

साहेबांना गुन्हा सापडेना. त्यांनी मामांच्या हातातला टॉर्च घेतला आणि उरलेल्या रांगा तपासायला लागले, कारण अर्धवट तपासणी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. बाल्कनीच्या जिन्याखाली, कोपऱ्यातल्या खुर्चीत, त्यांच्या ओळखीची उशी होती. तिच्यावर त्यांच्या ओळखीचं डोकं होतं.

छोटूने पाहिलं आणि तो किंचाळला, “ताई!”

रांगारांगांतून “शूऽऽ” असा आवाज आला. बायकोने डोळे उघडले. समोर टॉर्च, टॉर्चमागे नवरा आणि नवऱ्यामागे फाटक्या शर्टातला भाऊ. ती सावकाश उठून बसली, केस सारखे केले.

“शिवणाचा क्लास?” साहेबांचा आवाज चिरकला.

“नाही कुठला क्लास.”

“चार महिने?”

“पाच.”

“म्हणजे बातमी तूच फोडलीस! म्हणून ते दार बंद झालं!”

“मग काय करणार? तुम्ही गॅलरीतून हलेनात. मी आणि हवालदार आधीपासून मागच्या बोळातूनच येतो, सगळ्यांना तिकडून यायला सांगितलं.”

साहेब शेजारच्या खुर्चीवर मटकन बसले. “पण असं आहे तरी काय इथे? सिनेमा नाही, पंखा नाही, उजेडसुद्धा नाही. इथे काय आहे?”

बायकोने त्या मोठ्या पांढुरक्या पडद्याकडे पाहिलं.

“काहीच नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर येते. घरी मी भाजी चिरली तरी तुम्ही फोडी मोजता. नुसती बसले तर विचारता, का बसलीस. उभी राहिले तर विचारता, का उठलीस. इथे मला कोणी काही विचारत नाही.”

हे ती भांडून म्हणाली असती तर साहेबांकडे उत्तरं होती. पण ती अगदी हळू बोलली, लोक झोपलेत म्हणून. साहेबांनी टॉर्च विझवला. अंधारात ते तसेच बसून राहिले, आणि त्या शांततेने त्यांना हलकेच खाली ओढलं. जाग आली ती हवालदाराने खांदा हलवल्यावर.

“साहेब,” हवालदार चहाचा कप पुढे करत म्हणाला, “घोरण्याची पण मापं असतात का हो? तुम्ही आज सगळ्यांना उठवलंत.”

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःची उशी घेऊन बोळातून आले. मामांनी दारातच अडवलं.

“एका घरातलं एकच माणूस, साहेब. नियम आहे.”

“असला कसला नियम?”

“घरातलं दुसरं माणूस इथेच आलं, तर पहिल्याने जायचं कुठे?”

साहेब नियमांचा आदर करणारे गृहस्थ. ते मुकाट्याने परत गेले. रात्री बायकोच म्हणाली, “एक दिवस मी जाते, एक दिवस तुम्ही जा.” तिने वाद घातला नाही, घासाघीस केली नाही, उलट पहिला दिवस साहेबांनाच देऊन टाकला.

पहिल्या दिवशी साहेब हवालदारापासून लांबची खुर्ची पाहून आडवे झाले. डोळा लागणार एवढ्यात ते ताडकन उठून बसले. पाच महिने चोरून सांभाळलेली जागा तिने अर्धी सोडून दिली, तीही हसत हसत? यात नक्की पाणी मुरत होतं. आपण इथे असताना ती घरात करते तरी काय? त्यांनी उशी खुर्चीवरच टाकली, बोळातून धावत घर गाठलं, आणि कुलपात किल्ली इतकी हळू फिरवली की त्यांनाही ऐकू आली नाही.

घरात कोणी पाहुणा नव्हता. टीव्ही बंद होता, फोन टेबलावर पालथा होता. बायको खिडकीशी खुर्चीवर पाय पसरून नुसती बसली होती. हातात काही नव्हतं. टॉवेल दोरीवर वेडेवाकडे वाळत होते आणि ती त्यांच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. तिच्या चेहऱ्यावर तीच टवटवी होती, जी त्यांनी गॅलरीतून थिएटरबाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिली होती.

“का बसलीस?” साहेबांच्या अगदी ओठांपर्यंत आलं.

तिने मान वळवली. “काय हो? लवकर आलात?”

“काही नाही,” साहेब गडबडून म्हणाले. “ते... चष्मा विसरलो होतो.”

“नाकावर आहे.”

“हो का? बरं झालं, सापडला,” साहेब म्हणाले, आणि दार हलकेच ओढून घेऊन जिना उतरायला लागले.