पंगतीतलं इंग्रजी

लोहाऱ्यात शिवलिंगअप्पांच्या दुकानी कापड घ्यायला गेलेल्या माणसाला आधी इंग्रजी वाक्यात बसावं लागायचं. तीन गिऱ्हाइकं जमली, की अप्पा हातातल्या लोखंडी गजानं त्यांच्या जागा दाखवायचे. "गुंडू, तू करनारा, पुढं बस. काकू, तुमी काम, त्याच्या शेजारी. आन तुज्यावर काम हुतंय, तू मागं सरक." काकू काही गुंडूशेजारी बसायला तयार नसत. मग त्यांच्या जागी मांजरपाटाचा तागा ठेवला जाई. एवढं झाल्यावर सदऱ्याचं कापड फाटायचं.

अप्पांच्या घरात कानडी, दुकानात मराठी आणि तहसिलीत निजामाची उर्दू. यात पन्नाशी उलटल्यावर त्यांनी इंग्रजीची भर घातली. रद्दीत आलेलं, पुठ्ठा नसलेलं एक व्याकरणाचं पुस्तक हाच त्यांचा गुरू. उच्चार सांगायला कोणी नव्हतं, म्हणून नाइफला ते छातीठोक 'कनिफे' म्हणायचे. लिहिलेल्या अक्षराला गप्प बसवणं त्यांना मंजूर नव्हतं.

पण वाक्याची घडण त्यांना आमच्या मास्तरांपेक्षा चांगली उमगली होती. क्रियापद म्हणजे घरची कारभारीण, असं ते सांगायचे. आपल्यात ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसते. साहेबाच्यात नवऱ्याच्या शेजारीच तिचा पाट, पाहुण्यांनी नंतर बसायचं. "करनारा कोन? आधी त्यो दाव," हे त्यांचं पालुपद. बाजारात कुणी म्हटलं, की बैल सुटला, तरी अप्पा विचारायचे, "सोडला कुनी?"

सगळं गाव हसायचं. मला मात्र हसायला तोंड नव्हतं.

लढाईच्या दिवसांत अप्पांचा एकुलता एक मुलगा, मल्लू, इंग्रजांच्या फौजेत गेला होता. मी तेव्हा अठरा वर्षांचा, सोलापूरला शिकायला होतो. सुट्टीत गावी आलो की इंग्रजी शिकलेला म्हणून कट्ट्यावर मला मधोमध बसवत. इंग्रजीत मी दोनदा नापास झालो होतो, हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

अशाच एका सुट्टीत अप्पांनी एक इंग्रजी पत्र वाचायला मला दुकानात बोलावलं. पुण्याहून आलेलं, वर मोठा शिक्का. अप्पांनी ते विभूती लावून ठेवलं होतं. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच. मी पत्र उघडलं. मल्लूचं नाव तेवढं वाचता आलं, बाकी सगळा अंधार. येत नाही, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. ते मला म्हणवले नाहीत. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मल्लू खुशाल आहे. त्याला बढती मिळालीय."

अप्पांनी गावभर साखर वाटली. पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली आणि मी ती खाल्ली.

आठ-दहा दिवसांनी दुसरं पत्र आलं. मी सोलापूरला परतलो होतो, म्हणून अप्पा उमरग्याला इंग्रजी येणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. जाताना पहिलं पत्रही खिशात घातलं, बढतीचं आहे असं सांगत. डॉक्टरांनी दोन्ही वाचली. पहिलं इस्पितळाचं होतं. मल्लू फार आजारी आहे, वडिलांची आठवण काढतो आहे, लवकर या. दुसऱ्यात तो गेल्याचं होतं.

त्यानंतर अप्पांनी ते पुस्तक हाती धरलं. पहिलं पत्र वाचलं कुणी, असं गावानं विचारलं, तर ते म्हणायचे, एका वाटसरूनं. बैल सोडणाऱ्याचंही नाव मागणारा हा माणूस माझं नाव कधी बोलला नाही. मी ते ऐकत होतो, आणि दुकानावरून जायचं टाळून वेशीकडून वळसा घेत होतो. पुढे रडतखडत पास झालो, मास्तरही झालो. शाळेत पोरांना इंग्रजी शिकवताना माझी मलाच किळस यायची.

निजामाचं राज्य गेलं त्या साली एका दुपारी मी दुकानाची पायरी चढलो. अप्पा एकटेच होते. गादीवर ते पहिलं पत्र उघडं होतं, घड्यांवर फाटायला आलेलं. प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीची खूण होती.

मी उभ्यानंच बोललो. "अप्पा, त्या दिवशी मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

अप्पांनी चष्मा काढला. "ठाव हाय मला."

"डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं ना?"

"न्हाय. त्याच दिवशी. तुजं बोट पयल्या वळीवर व्हतं ते पुढं सरकलंच न्हाय. कापडावरनं गज फिरंना, तर माप कसलं निघतंय? तेवढं कळतं मला."

मग साखर का वाटलीत, असं मी विचारलं.

अप्पांनी पत्राची घडी घातली.

"मला बी तीच बातमी पायजे व्हती रं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाकडं नेलं असतं, तर गाठ पडली असती पोराची. तुजं नाव कसं घेऊ? तू वाचलंस, पर साखर म्या वाटली."

मग त्यांनी तागा बाजूला सारला आणि गजानं मला आपल्या शेजारची जागा दाखवली.